फोन वाजतोय तोवर

घरातला फोन सकाळपासून गात होता. तो गातोय म्हणजे पोरगी नाजवा जागेवर आहे, हे हस्नियाने कधीच ठरवून टाकलं होतं. ती बाहेर माचावर बसून खारवायला माकल्या (स्क्विड) फाडत होती. व्यापाऱ्याची लाँच भरतीबरोबर येते, आणि आज पुनवेचं उधाण, म्हणजे लाँचही लवकर येणार. दोन टोपल्या अजून तशाच पडलेल्या. नवरा रुस्दिन महिनाभरासाठी लांबच्या बेटांकडे मासे धरायला गेलेला. हात दोनच, मग बाईने करायचं तरी काय?

आम्हा बाजो लोकांची घरं समुद्रात, खांबांवर. चालायला लागलेलं पोर म्हणजे आईच्या जिवाला घोर. म्हणून पोर उभं राहिलं की त्याच्या पायात घुंगरू बांधायचं. आई चुलीपाशी असो नाहीतर जाळ्यापाशी, कान तिकडे. वाजतंय तोवर ठीक, थांबलं की हातातलं टाकून धावायचं. नाजवाच्या पायातही ते होतं. पण हातात फोन आला आणि पोरगी चटईवर जी बसली ती बसलीच. घुंगरू वाजेना, आणि हस्निया दर घटकेला उगाच आत धावे. दमून गेली बिचारी. एक दिवस तिने दोरा कापला आणि घुंगरू दाराच्या खिळ्याला अडकवून टाकलं.

तिच्या सासूला हे कळल्यावर जे व्हायचं तेच झालं. सासूला सगळी वस्ती 'म्बो' म्हणते, म्हणजे आजी. राहते वस्तीच्या दुसऱ्या टोकाला, पण जीभ या टोकापर्यंत पोचते.

"आपल्या पोरांना आधी पोहता येतं, मग बोलता येतं," परवाच ती दारात उभी राहून म्हणाली होती. "आणि ही तुझी बाहुली! साडेतीन वर्षांची घोडी झाली, पाण्यात पाय घालत नाही. काचेतले मासे बघते, पायाखालचे ओळखत नाही."

"म्बो, फोन असला की चार घास खाते तरी. तुम्ही भरवून दाखवा बरं फोनशिवाय."

"भरवीन की! दे पाठवून माझ्याकडे. रुस्दिनला येऊ दे, सांगणारच आहे मी. बायकोला पोर सांभाळता येत नसेल तर माझ्या घरी राहू दे पोरीला."

हस्नियाच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण त्याहून जास्त ती घाबरली होती. रुस्दिन आईच्या शब्दाबाहेर नव्हता. म्हातारीने मनावर घेतलं तर पोर खरंच नेली असती.

फोनवरच्या गाण्यांच्या कार्टूनचा एक भाग संपला की नाजवा आतून आईला हाक मारायची, "एम्मा, अजून एक?" आणि हस्निया म्हणायची, "हो." दिवसातून वीस वेळा तरी. आजही हाका आल्या, तिने "हो गं, हो" म्हणून टाकलं आणि पुढची माकली उचलली. मान वर करायला वेळ कुणाला होता?

मीठ संपलं म्हणून ती आत गेली.

चटईवर फोन उशीला टेकून उभा होता आणि मोठ्या आनंदात गात होता. समोर कोणी नव्हतं. बाजूला भाताची वाटी, तिच्यात दोन घास उरलेले.

"नाजवा?"

चुलीमागे नाही. मच्छरदाणीत नाही. मागचं दार उघडं होतं, आणि दाराखाली शिडी, आणि शिडीच्या वरून दुसऱ्या पायरीला पाणी लागलेलं. हस्नियाने अशी किंकाळी फोडली की चार घरांपलीकडची माणसं फळकुटांच्या पुलावरून धावत आली.

मोठी पोरं पटापट पाण्यात उड्या टाकायला लागली. हस्नियाही उडी टाकून तळापर्यंत गेली. पाणी गढूळ, हाताला खांब आणि शिंपले, बाकी काही नाही. वर आली, दम घेतला, पुन्हा गेली. कोणी म्हणत होतं पुलाकडे बघा, कोणी म्हणत होतं दुकानात बघा. सगळे एकाच वेळी बोलत होते.

"गप्प बसा!" म्बो पोचली होती. धापा टाकत होती, पण आवाज खणखणीत. "इंजिनं बंद करा. टीव्ही बंद करा. कोणी तोंड उघडायचं नाही. घुंगरू ऐकू दे."

वस्ती गप्प झाली. शिडीला धरून पाण्यात उभी असलेली हस्निया कशीबशी म्हणाली, "म्बो, घुंगरू तिच्या पायात नाही. तुम्हाला माहीत आहे ना... खिळ्याला आहे."

 

त्या शांततेत एकच आवाज येत होता. घरातला फोन.

"ते मेलं आधी बंद कर!"

हस्निया निथळत आत धावली. बोटं ओली, माकलीच्या शाईने माखलेली. ती काचेवर बोट दाबत होती आणि काच ऐकत नव्हती. गाणं संपलं. आता थांबेल असं वाटलं, तर पुढचा भाग आपोआप सुरू व्हायला आला. पाच, चार, तीन. "अरे थांब ना मेल्या, थांब!" ती रडत ओरडली आणि तिने तो फोन तसाच तांदळाच्या डब्यात खोल खुपसून झाकण लावलं.

आणि मग ऐकू आलं. बारीक, बेसूर. तेच गाणं, फोनवरचं. पण फोन गप्प होता.

"इद्रिसच्या घराखाली!" हस्निया ओरडली.

हस्नियाची छोटी होडी शिडीला बांधलेली असे, आणि भरती यायची म्हणून सकाळी तिनेच दोर लांब सोडला होता. पाण्याने होडी ढकलत ढकलत शेजारच्या इद्रिसच्या घराखाली नेली होती, आणि ती जागेवर नाही हे गडबडीत कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिथे ती वरच्या तुळयांना टेकून अडकली होती. पाणी तर चढतच होतं. हस्निया पोहत आत घुसली. होडीचा काठ आणि तुळई यांच्यात वीतभर जागा. त्या फटीतून नाजवाचे डोळे दिसले. ती होडीच्या तळाशी उताणी पडली होती, आणि होडीत पाणी शिरत होतं.

"एम्मा, अंधार आहे."

"आहे मी इथे. गाणं म्हण तू. थांबू नको." हस्नियाने होडी ओढली. हलेना. तिने खालून फळीवर मूठ आपटली. "इद्रिसदादा, तुमची जमीन फोडा! इथेच आहे ती!"

इद्रिसच्या बायकोने गेल्याच महिन्यात हौसेने नवीन फुलाफुलांचं प्लॅस्टिक अंथरलं होतं. "बघत काय बसलात?" तीच नवऱ्यावर खेकसली. "फोडा की!" कोयता घेऊन तिनेच ते टराटरा फाडलं. पहार घातली, एक फळी निघाली, दुसरी निघेना. खाली गाणं थांबलं. हस्नियाने फटीतून हात घातला, हाताला पोरीचे केस लागले. "म्हण ना गं, म्हण!" पाणी नाजवाच्या कानांपर्यंत आलं होतं. दुसरी फळी कडकन मोडली आणि इद्रिसच्या हाताने पोरीला दंडाला धरून वर उचललं.

पोरगी खोकली, मग भोकाड पसरलं. ते ऐकून बायका रडायला लागल्या, आणि इद्रिस मोडक्या जमिनीच्या काठावर मटकन बसला.

म्बोने नातीला कोरड्या कापडात गुंडाळलं. हस्निया वर आली तेव्हा इद्रिसच्या स्वयंपाकघरात अर्धी वस्ती गोळा झाली होती.

"काय गं भवाने," म्बो नाजवाला म्हणाली, "कुणाला विचारून होडीत उतरलीस?"

"एम्माला. मी म्हटलं, एम्मा, खाली मासे बघू? खरे?" पोरगी हुंदके देत म्हणाली. "एम्मा हो म्हणाली."

सगळ्यांचे डोळे हस्नियाकडे वळले.

एवढ्याशा पोरीचं बोलणं. ती बावरली आहे, काहीबाही बोलते आहे, असं म्हटलं असतं तर सगळ्यांनी मानलं असतं. इद्रिसची बायको तर तसं म्हणायला तोंड उघडतही होती. रुस्दिन दहा दिवसांनी येणार होता. म्हातारी त्याला काय सांगणार, ते हस्नियाला चांगलं ठाऊक होतं. शाईने काळे झालेले हात तिने कपड्यांना पुसले. डाग काही निघाले नाहीत.

"हो," ती म्हणाली. "मी म्हणाले. ती काय विचारते आहे ते मी ऐकलंच नाही. रोजच नाही ऐकत."

म्बो नातीला कडेवर घेऊन उठली आणि पुलावरून चालू लागली. पोर नेलीच, असं वाटून हस्निया मागे धावली. पण म्हातारी आपल्या घराकडे वळली नाही. ती हस्नियाच्या दाराशी थांबली, खिळ्यावरचं घुंगरू काढलं आणि मागून आलेल्या सुनेच्या हातात ठेवलं.

"बांध," ती म्हणाली. "आणि यापुढे हो म्हणायचं तर मान वर करून म्हण."