खिशातली चौदा नंबरची गोटी

एप्रन धुवायला टाकण्याआधी खिसे उलटे करायची माझी सवय. सोमवारी सकाळी एका खिशातून दोऱ्याचं रीळ निघालं आणि दुसऱ्यातून चौदा नंबरची गोटी. पान्याच्या टोकाला बसवायची ती एवढीशी लोखंडी गोटी हातात घेऊन मी नळापाशीच थबकले. काम पुरं झालं की माझी गोटी पेटीत जाते. खिशात जाते ती काम अर्धवट टाकून उठल्यावरच.

शनिवार-रविवार खपून मी घरासमोर आमच्या जुन्या गाडीचा टायमिंग बेल्ट बदलला होता. नवरा म्हणाला होता, "गॅरेजला देऊ या." मी म्हटलं, "वीस वर्षं शिलाई मशिनं दुरुस्त करतेय. पट्टा तो पट्टाच." सासूबाईंनीही माझीच बाजू घेतली, "तिच्या हाताला गुण आहे, करू दे." मी पट्ट्याच्या चाकांवरच्या खुणा जुळवल्या, इंजिन हातानं दोन फेरे फिरवून पाहिलं, मग चालू केलं. छान चाललं. उरलेला दिवस मी अंगणात मिरवण्यात घालवला.

आता सगळं लख्ख आठवलं. पट्टा ताणून धरणाऱ्या चाकाचा नट मी बोटांनी बसवला होता. आवळायला गोटी उचलली आणि आतून सासूबाईंची हाक आली, "अगं, थेंबांची वेळ झाली." त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन जेमतेम आठ दिवस झाले होते. मी हात धुतले, थेंब घातले, आलेच आहे तर चहाही ठेवला. परत गेले ती थेट इंजिन फिरवून बघायला.

म्हणजे तो नट तसाच होता. गाडीच्या थरथरीनं तो सुटत जाणार, पट्टा घसरणार आणि भर रस्त्यात इंजिन बंद पडणार. मग स्टिअरिंग जड, ब्रेक जड, मागून ट्रक. डॉक्टरांनी बजावलं होतं, डोळ्याला जराही धक्का बसता कामा नये. आणि डोळा दाखवायलाच नवरा सासूबाईंना घेऊन वीस मिनिटांपूर्वी निघाला होता. अजून दहा मिनिटांत मोठा उतार लागणार होता.

नवऱ्याचा फोन बंद. गाडी चालवताना फोन बंद ठेवायचा हा नियम मीच त्याच्याशी भांडून घालून दिला होता, तेव्हा बोलणार कुणाला? सासूबाईंना लावला. त्यांचा फोन पर्सच्या तळाशी असतो. दोनदा पूर्ण वाजून बंद झाला. तिसऱ्यांदा त्यांनी उचलला.

"आई, गाडी बाजूला घ्यायला सांगा. हळूच, पण आत्ता."

"का गं?"

तुम्ही हाक मारलीत म्हणून, हे अगदी जिभेवर आलं होतं. मी गिळलं. "माझी चूक झालीय. एक नट आवळायचा राहिला."

पलीकडे इंडिकेटरची टिकटिक ऐकू आली. मग इंजिनचा आवाज थांबला. "उतरा आणि रस्त्यापासून लांब उभे राहा," एवढं सांगून मी गोटी आणि पान्यांची पेटी घेऊन स्कूटर काढली. जीव मुठीत धरून गेले. ती दोघं थांबली आहेत हे ठाऊक असूनही समोर चार माणसं जमलेली दिसली की माझा हात ब्रेकवर जायचा.

उताराच्या अलीकडेच गाडी उभी होती. सासूबाई काळा चष्मा लावून, पर्स मांडीवर घेऊन कठड्यावर बसल्या होत्या. नवऱ्यानं बॉनेटकडे नुसतं बोट दाखवलं. ओरडला असता तर बरं झालं असतं.

बॉनेट उघडून मी पट्ट्यावरच्या कव्हरचं रबरी बूच काढलं आणि भोकातून गोटी नटावर बसवली. जोर लावावा लागलाच नाही. नट नुसत्या बोटांनी दीड फेरा फिरला. वरचं कव्हर काढून खुणा पाहिल्या, पट्टा एकही दात सरकला नव्हता. पट्टा पुन्हा ताणला, नट पान्यानं पक्का आवळला, इंजिन हातानं दोन फेरे फिरवून पाहिलं. मग नट आणखी एकदा तपासला. आणि आणखी एकदा.

"आपण टॅक्सी करू या," मी म्हणाले. नवऱ्यानं लगेच मान डोलावली.

सासूबाई उठून माझ्याजवळ आल्या. "मी थेंबांसाठी हाक मारली, तेव्हाच राहिला ना तो?"

"नाही हो आई."

"खोटं बोलताना तू पाना पुसतेस."

मी हाताकडे पाहिलं. पाना चकचकीत झाला होता.

त्या पुढच्या सीटवर जाऊन बसल्या आणि सीटचा पट्टा लावू लागल्या. "चल, तू चालव."

"आई, मला भीती वाटतेय."

"मलाही वाटतेय. म्हणून तर तू चालव."

नवरा माझी स्कूटर कडेला कुलूप लावून ठेवून मागे बसला. मी किल्ली फिरवली आणि कान इंजिनच्या आवाजाकडे लावून उताराच्या तोंडापर्यंत आले. तिथे पाय आपोआप ब्रेकवर गेला. सासूबाईंनी एका हातानं काळा चष्मा डोळ्यांवर दाबून धरला आणि दुसऱ्या हातानं मला पुढे व्हायची खूण केली.