स्वच्छ रेकॉर्डिंग

आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, जुन्या मालिकांची शीर्षकगीतं जमवणाऱ्यांचा. एकशे ऐंशी माणसं, बहुतेक पन्नाशीच्या पुढची, आणि त्यांतली निम्मी रोज सकाळी फुलांचे फोटो टाकून माझं डोकं उठवणारी. पण शीर्षकगीताचा विषय निघाला की शेवटचा शब्द माझा. माझ्याकडे चौसष्ट कॅसेटी आहेत. सगळ्या टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून भरलेल्या, आणि एकाही गाण्यात कुत्रं भुंकत नाही.

बाकीच्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये काय काय असतं! मध्येच कुकरची शिट्टी होते. कुणाची तरी आई 'दूध बघ गं' म्हणून ओरडते. त्यावर लोक रडके चेहरे टाकतात, 'आई आठवली' म्हणून लिहितात. मी लिहायचो, 'आवाज स्वच्छ नाही.' एवढंच. असा मी माणूस.

गेल्या वर्षी माझ्या थोरल्या बहिणीच्या, धनलक्ष्मीअक्काच्या, घशाचं ऑपरेशन झालं. गाठ होती, डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढलं. जीव वाचला, आवाज गेला. तेव्हापासून अक्का मोहोळला तिच्या घरी पाटी-पेन्सिल घेऊन बसते. मोबाईलवर लिही म्हटलं तर मान हलवते. पाटीवर कसं मोठं लिहिता येतं आणि पदरानं पुसता येतं.

दिवाळीनंतर तिच्या सुनेचा, काव्याचा, फोन आला. सासूला ती आत्या म्हणते.

"मामा, आत्यांनी पाटीवर लिवलंय, 'तम्माकडं माझं गाणं हाय का बघ.' आमच्या मोबाईलमधे दोन-चार व्हिडिओ हायत, पण त्यात नुसतं 'जेवलीस का', 'दार लाव'. गाणं एकात पण न्हाय. त्यांना शिवानीला ऐकवायचंय."

शिवानी म्हणजे अक्काची पाच महिन्यांची नात. आणि तम्मा म्हणजे मी. सोलापुरात आमच्या घरी अर्धं बोलणं कानडी. धाकट्या भावाला अक्का तम्मा म्हणायची, नावानं कधी नाहीच.

"हाय की!" मी म्हणालो. क्षणभरही विचार केला नाही. "लई छान हाय. पुढच्या सोमवारी तपासणीला सोलापूरला येताय न्हवं? तवा घरी या. ऐकवतो."

खात्री का नसावी? मला ते गाणं स्पष्ट ऐकू येत होतं. अठ्ठ्याऐंशी साल. मी सतरा वर्षांचा, अक्का वीसची, लग्न ठरलेलं. दर रविवारी संध्याकाळी 'सात पायऱ्यांची विहीर' नावाची मालिका लागायची. मालिका बेताचीच होती, पण तिचं शीर्षकगीत! आधी सतार, मग बासरी, मग एका बाईचा उंच आवाज. सगळं मिळून बावन्न सेकंद.

ते भरून घ्यायचं म्हणजे घरात कर्फ्यूच. स्टुलावर टेपरेकॉर्डर, तो टीव्हीपासून बरोबर दीड वीत लांब. पंखा बंद. अव्वाची, म्हणजे आईची, भाकरी थापणं बंद. अप्पांना खोकला आला तर त्यांनी परसात जायचं. आणि खरी अडचण शेजारची, कारण भिंतीपलीकडे तेलुगू काकांचे चार माग दिवसभर खडखडत असायचे. मी त्यांच्या हातापाया पडलो होतो. भला माणूस. मालिका सुरू व्हायच्या आधी ते स्वतः उठून चारही माग एका मिनिटासाठी बंद करायचे. खडखडाट थांबला की सगळ्या गल्लीला कळायचं, महेश्वरची टेप चालू झाली.

एवढ्या शांततेत अक्का गायली होती. मुद्दाम नाही. गाणं सुरू झालं आणि तिच्या तोंडून आपोआप निघालं. भिंतीला टेकून, डोळे मिटून, त्या बाईच्या आवाजात आवाज मिसळून पहिल्यापासून शेवटपर्यंत. चारचौघांत ती कधी गात नसे. पुढच्या वैशाखात लग्न होऊन ती मोहोळच्या व्यापारी घरात गेली. तिथं सकाळपासून माणसांचा राबता, तिथंही तिला कुणी गाताना ऐकलं नाही. त्यामुळे जगात अक्काचं गाणं होतं ते माझ्या कॅसेटवर, असं मी गेली सदतीस वर्षं धरून चाललो होतो.

जुन्या टेपरेकॉर्डरचा रबरी पट्टा सैल झाला होता. नवा पट्टा कुठं कुठं शोधला. आयुष्यभर टीव्ही दुरुस्त केले मी, तरी तो बसवायला दोन दिवस लागले. कॅसेट मात्र आधी वाजवून पाहिली नाही. माझी रेकॉर्डिंग, तपासायची काय गरज? शिवाय पहिल्यांदा ऐकायचं ते अक्काबरोबरच, असं मनात होतं.

सोमवारी दुपारी त्या आल्या. अक्कानं गळ्यावर पांढरा रुमाल बांधला होता. काव्याच्या मांडीवर बाळ. अक्कानं बाळाला स्वतःकडे घेतलं, टेपच्या अगदी जवळ सरकून बसली आणि मला हातानं खूण केली, लाव.

मी बटण दाबलं. सतार वाजली, मग बासरी, मग त्या बाईचा आवाज.

एकटीचा.

काव्या माझ्याकडे बघत राहिली. तिला वाटलं, आत्या पुढच्या कडव्यात येतील. अक्का मात्र टेपकडे बघत होती. गाणं निम्म्यावर आलं आणि मला सगळं आठवलं. जे मी सोयीनं विसरलो होतो ते सगळं.

पहिल्या रविवारचं रेकॉर्डिंग ऐकून मी थयथयाट केला होता. "सगळ्या गाण्याची वाट लावलीस! तुला कुणी सांगितलं होतं मधे गायला?" अक्का ओशाळून हसली होती. पुढच्या रविवारी त्याच जागी, तिच्या आवाजावर, मी पुन्हा भरलं. त्याही वेळी ती तोंडात पदर धरून गुणगुणली, म्हणून तिसऱ्या रविवारी परत. त्या दिवशी मी तिला शेवटची ताकीद दिली होती. मग कसं स्वच्छ आलं! पुढं कॅसेट पूर्ण भरल्यावर, कुणी चुकून पुसू नये म्हणून मी तिच्या पाठीवरचे प्लास्टिकचे दोन दात स्क्रू-ड्रायव्हरनं मोडले. ते मोडले की त्यावर दुसरं काही भरता येत नाही.

मला माझी शिसारी आली. त्या घटकेला मला कुकरची शिट्टी हवी होती, भाकरीची थाप हवी होती, अप्पांचा खोकला, चारही मागांचा खडखडाट हवा होता. एकाचाही मागमूस नव्हता. माझ्या चौसष्ट कॅसेटींत माझ्या घरचं एक माणूस नव्हतं.

गाणं संपलं.

"अक्का," मी म्हणालो, "न्हाय गं. होतं. मीच पुसलं."

मी मान खाली घातली. टेप बंद करायचंही सुचलं नाही, ती नुसती खरखरत राहिली. आणि त्या खरखरीतून, लांबून, भिंतीपाशी बसलेल्या माणसाचा यावा तसा आवाज आला.

"झालं का रे तम्मा? आता म्हणू का मी?"

खट्. पुढे दुसऱ्याच मालिकेची सनई सुरू झाली.

काव्यानं तोंडावर हात घेतला. बाळ टेपकडे टकमक बघत होतं. अक्कानं स्वतः हात लांब करून टेप मागे घेतली. बटणं कुठली ते तिला अजून आठवत होतं. पुन्हा लावलं. झालं का रे तम्मा. आता म्हणू का मी. खट्. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा तिचे ओठ त्या शब्दांबरोबर हलत होते.

मग तिनं टेप थांबवली, बाळाला काव्याकडे दिलं आणि पाटी ओढली. सावकाश, मोठ्या अक्षरांत लिहून माझ्यासमोर धरली.

'मग तू काय म्हणालास?'

मला ते लख्ख आठवत होतं. टेप बंद करून, कॅसेट बाहेर काढता काढता, तिच्याकडे न बघता मी म्हणालो होतो, "आता तू कशाला? खरं गाणं भरलं की."

"म्हण, म्हणालो," मी सांगितलं. "म्हण की अक्का, असं म्हणालो."

अक्कानं माझ्याकडे पाहिलं. लहानपणी मी अव्वाशी खोटं बोललो की बघायची तसंच. मग तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि पदरानं पाटी पुसून टाकली.