खरखर लॅपटॉपचीच

हे लिहायचं जवळजवळ राहूनच गेलं होतं. हांडोकोवर काय लिहायचं? जावा बेटावरच्या आमच्या सोलो गावच्या बाजारात वरच्या मजल्यावर बसतो, दिवसभर लोकांचे लॅपटॉप उघडतो आणि लोकांना शिव्या घालतो. असली माणसं पैशाला पासरी. पण त्या मंगळवारचं डोक्यातून जाईना, म्हणून टाकतो लिहून.

तर त्या सकाळी हांडोकोसमोर कॉलेजातली एक मुलगी उभी होती.

"आवाज फुटतोय काका. गाणं लावलं की खर्रर्र करतं."

हांडोकोने एक नजर टाकली आणि ओठ वाकडे केले. "आवाज वाढवायचं हे सॉफ्टवेअर कुणी टाकून दिलं?"

"मित्राने."

"त्याच्याशी लग्न करू नकोस. नखाएवढा स्पीकर, आणि त्याच्याकडून मैदानातल्या सभेचं काम करून घेताय. फाटेल नाही तर काय होईल?"

त्याने सॉफ्टवेअर उडवलं. खरखर गेली. मुलगी कमरेत वाकून, गोड हसून, मागे मागे सरकत निघून गेली.

"गाढव," हांडोको म्हणाला. ती जिन्यावर पोचायची वाटसुद्धा न बघता.

सगळ्यांबद्दल त्याचं हेच मत. लोक लॅपटॉप गादीवर ठेवतात, हवा कोंडून मारतात आणि म्हणतात, आपोआप बंद पडला. कीबोर्डमधून कॉफी ठिबकत असते आणि म्हणतात, दमट हवेने झालं असेल. पण त्याचा खरा राग होता गावाच्या गोडपणावर. सोलोचा माणूस 'नाही' म्हणत नाही. भाजी खारट झाली तर म्हणेल, आज पाणी किती छान लागतंय. शेजारचं घर पेटलं तर दारात जाऊन म्हणेल, आपल्याकडे आज जरा उजेड जास्त आहे का? हांडोको तेवढा तोंडावर बोलायचा. त्यामुळे त्याला गिऱ्हाईकं होती, पण कुणी त्याला लग्नाला बोलवत नसे.

मुलगी गेली आणि सुदार्मो आला. अंगात इस्त्रीचा बातिक शर्ट, केस चापून बसवलेले, हातात प्लास्टिकच्या पिशवीत लॅपटॉप. हा हांडोकोचा शाळेतला मित्र, एका बाकावरचा. आता लग्नांत माइक धरायचा. म्हणजे नवरानवरी मांडवात शिरताना त्यांची चाल, त्यांचे कपडे, त्यांचं भाग्य हे सगळं जुन्या दरबारी जावानीजमध्ये, चढ्या सुरात, लांबवत लांबवत सांगायचं. निम्म्या पाहुण्यांना एक शब्द कळायचा नाही, तरी सुदार्मोचा सूर वर चढला की जेवणाऱ्यांचे चमचे थांबायचे. मागचा गामेलान, म्हणजे घंटा-झांजांचा वाद्यमेळ, तो या लॅपटॉपवर लावायचा, माइकही त्यालाच जोडायचा.

"डोको, हा क्रेसेक-क्रेसेक करतोय रे."

आमच्याकडे खरखरीलाही क्रेसेक म्हणतात आणि प्लास्टिकच्या पिशवीलाही.

"पिशवीतून काढ, मग नाही करणार," हांडोको म्हणाला.

सुदार्मो हसला, पण अर्धवट. स्टूल ओढून बसला. "लेबारानपासून, म्हणजे ईदपासूनच चाललंय. गेल्या सगळ्या लग्नांत. लोक येतात, हात हातात घेतात, म्हणतात, फार सुंदर झालं, फक्त ते लॅपटॉपचं जरा बघून घ्या. आता त्या बड्या घरच्या बाईंच्या, बु लास्मींच्या मुलीचं लग्न आहे. खुद्द बाईंच्या लग्नातही मीच बोललो होतो, त्यांच्या घरात दुसरा कुणी नको असायचा. पण या खेपेला म्हणतात, आज संध्याकाळपर्यंत नमुना रेकॉर्ड करून पाठवा. नाहीतर शेजारच्या क्लातेन गावचा तो माइकवाला पोरगा आहेच."

"तो चष्मा घालून बोलतो तो?"

"आणि मध्येच इंडोनेशियनमध्ये विनोद सांगतो." सुदार्मोच्या चेहऱ्यावर आंबट काहीतरी आलं. "ते घर गेलं ना डोको, तर बाकीची घरं पण जातील. सगळे त्यांच्याकडे बघून ठरवतात."

"कुणाला दाखवलास हा डबा?"

"खालच्या दुकानात. मग स्टेशनजवळ. दोघेही म्हणाले, झालं दुरुस्त."

"चोर," हांडोको म्हणाला, आणि खूष होऊन कामाला लागला. दुसऱ्याची घाण सापडली की त्याचा हात सरसर चालायचा.

आणि घाण होतीच. चार्जर काढला तशी खालची घूं थांबली. चार्जर नकली होता. आवाज 'सुधारायची' सेटिंग कुणीतरी चालू करून ठेवली होती, ती बंद केली. बॅटरी वाचवायच्या नादात मशीन पेंगत होतं, आवाज तुटत होता, तेही काढलं. ड्रायव्हर जुनापुराणा, तो नवा टाकला. माइकची पातळी टोकाला नेऊन ठेवलेली.

"एवढी कुणी वर केली?"

"मीच. ऐकू जात नाही म्हणाले मागच्यांना."

"बैल," हांडोको म्हणाला आणि ती खाली आणली. मग गामेलान लावला. घंटा, झांजा, मोठा गाँग, सगळं स्वच्छ. गाँगची शेवटची थरथरसुद्धा ऐकू येत होती. समोरच्या कव्हरवाल्याने मान वर करून बघितलं.

"घे. बोल आता."

सुदार्मोने गळा साफ केला, पाठ ताठ केली आणि नवरीचं वर्णन सुरू केलं. बाजाराच्या गोंगाटात हांडोकोने फक्त स्क्रीनवरच्या आवाजाच्या हिरव्या रेषेकडे लक्ष ठेवलं. रेषा कुठेच टोकाला लागत नव्हती. छान. मग त्याने रेकॉर्डिंग लावलं.

खालचे सूर ठीक होते. सूर चढला आणि खर्रर्र. वाळक्या पानांवरून कुणी चालावं तसं.

"बघ!" सुदार्मो जवळजवळ आनंदाने म्हणाला. "हेच!"

हांडोकोने माइक बदलला. खर्रर्र. केबल बदलली. खर्रर्र. आता त्याला मजा येईनाशी झाली. त्याने स्वतःचा कंप्युटर पुढे ओढला, स्वतःचा माइक लावला, ज्याला तो कुणाला हात लावू देत नसे. सुदार्मो पुन्हा तेच बोलला, नवरीचे डोळे, नवरीची पावलं. सूर चढला आणि पुन्हा खर्रर्र, तीच, त्याच जागी.

"तुझा पण बिघडलाय," सुदार्मो म्हणाला.

हांडोको माइकजवळ वाकला. "माकड, म्हैस, डुक्कर," तो म्हणाला, मग तेच जमेल तेवढ्या चढ्या आवाजात ओरडला. खालून कुणीतरी हसलं. त्याने लावून बघितलं. माकड, म्हैस, डुक्कर, काचेसारखं साफ.

सुदार्मो अजून स्क्रीनकडेच बघत होता, डॉक्टर काय सांगतो याची वाट बघावी तसा.

तेव्हा हांडोकोच्या डोक्यात उजेड पडला. आणि पहिली आली ती चीडच. लेबारानपासून अख्खं गाव या माणसाचा हात हातात घेऊन म्हणत होतं, लॅपटॉपचं बघून घ्या. खालच्या दुकानातल्याने ऐकलं असणार, स्टेशनजवळच्यानेही ऐकलं असणार. दोघांनी वाकून 'झालं दुरुस्त' म्हणून वाटेला लावलं. गोड माणसं. मांजरं सगळी!

मग त्याच्या लक्षात आलं, त्याच्याही तोंडात तसलंच वाक्य तयार होतं. मदरबोर्डचं आहे रे, पार्ट जकार्ताहून मागवावा लागेल. किती सोपं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला सोलोच्या लोकांची सोय कळली, आणि स्वतःचीच किळस आली.

"लॅपटॉप बरा झालाय, दार्मो."

"मग खरखर?"

"लॅपटॉप बरा झालाय. माइक बरा आहे. माझं मशीन बरं आहे." हांडोको त्याच्याकडे न बघता केबल गुंडाळत होता. "मग राहिलं काय?"

सुदार्मोने स्क्रीनवरची नजर काढली. मग हसला, ते मांडवातलं हसू, दात न दाखवता. उठला. लॅपटॉप पिशवीत घातला, दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि किंचित वाकला.

"आपण फार कष्ट घेतलेत. आपले उपकार झाले."

आपण! एका बाकावर बसून एकमेकांची पेन्सिल चोरलेल्या माणसाला आपण. आमच्याकडे शिवी द्यायची ही पद्धत आहे. हांडोकोला ती बरोबर कानाखाली बसली.

"नाटकं करू नकोस," तो ओरडला. "मला 'आपण' म्हणतोस? बस खाली!"

सुदार्मो जिन्यापर्यंत गेला होता. कठड्याला हात लावून उभा राहिला. खाली बाजार चालू होता, कुणी मिरच्यांचा भाव सांगत होतं. तो वळला तेव्हा हसू पुसलं गेलं होतं.

"बायको पण म्हणते," तो म्हणाला. "रोज. सकाळी उठून मी सराव करतो ना, तेव्हा. म्हणते, लॅपटॉप बदलून टाका आता." त्याने कठडा सोडला. "सरावाला मी लॅपटॉप लावतच नाही डोको."

हांडोकोने केबल खाली ठेवली. त्याने स्टूल पायाने पुढे सरकवलं. सुदार्मो येऊन बसला. कव्हरवाल्याने मुद्दाम पाठ फिरवली.

"गिळताना दुखतं?"

"कधी कधी."

"आणि तू लॅपटॉप दुरुस्त करत फिरतोस. बैल नाही, बैलाला तरी कळतं."

सुदार्मोने फोन काढला. बु लास्मींना संदेश लिहिला, वाचून दाखवला. क्लातेनचा मुलगा गुणी आहे, त्यालाच सांगावं, माझे आशीर्वाद. प्रत्येक शब्द दरबारी, एक मात्रा चुकलेली नाही. पाठवला. फोन उलटा ठेवला.

"उद्या रुग्णालयात जायला हवं," तो म्हणाला. आता तो सूर लावत नव्हता, बसल्या जागी साधा बोलत होता, तरी खरखर ऐकू येत होती. "पण डॉक्टर पण इथलाच असणार ना. तो पण म्हणेल, काही नाही हो, थोडा आराम करा."

"म्हणेलच. बेणं."

"मग मला कसं कळणार?"

हांडोकोने हात पँटला पुसले.

"मी येतो. तुझ्याबरोबर आत येऊन बसतो. तो गोड बोलायला लागला की त्याची मानगूट धरून खरं काय ते काढून घेतो. आणि काय असेल ते, दार्मो, कितीही वाईट असलं तरी, मी तुला तिथल्या तिथे तोंडावर सांगतो. शपथ."