आईच्या गाडीचे टायर

आमच्या भागात म्हाताऱ्या माणसाला 'आता गाडी चालवू नका' असं तोंडावर कोणी सांगत नाही. किल्लीही काढून घेत नाही. ऑक्टोबरात घरोघरी हिवाळी टायर चढवतात, तेव्हा त्या एका गाडीचे तेवढे राहून जातात. 'पुढच्या रविवारी बघू', 'जॅक अडकतोय', 'अजून कुठे बर्फ पडलंय' असं म्हणता म्हणता रस्ता काचेसारखा होतो, गाडी अंगणात बर्फाखाली जाते आणि वसंतात कोणीतरी ती विकायचा विषय काढतं. वाईट शब्द एकही न बोलता काम होतं. आम्ही फिनलंडची माणसं. न बोलता करायच्या कामांत आमचा हात कोणी धरणार नाही.

यंदा ही पाळी माझ्या सासूबाईंची होती.

सायमी त्यांचं नाव, वय एकोणऐंशी. कुह्मो गावापासून बऱ्याच आत, तळ्याच्या काठी एकट्या राहतात. दर मंगळवारी संध्याकाळी स्वतःची लाल गाडी घेऊन गावात येतात, चर्चच्या हॉलमध्ये पेन्शनरांच्या गायनवृंदात गातात, मैत्रिणींबरोबर कॉफी पितात आणि आठवडाभर पुरतील एवढ्या बातम्या घेऊन घरी जातात. त्यांच्या फाट्यावर बस येते ती फक्त सकाळी, शाळेच्या पोरांसाठी. म्हणजे गाडी गेली की मंगळवार गेला. आणि मंगळवार गेल्यावर बाकीचे दिवस त्यांनी कशाच्या जिवावर काढायचे, हा प्रश्न घरात कोणी काढत नव्हतं. मीही नाही.

एरवी ऑक्टोबर म्हणजे आमच्याकडे सणच. माझा नवरा आर्तो अंगणात गाड्या रांगेने लावतो. आमच्या दोन, मुलीची एक आणि आईची एक. मी सॉसेज भाजते, सासूबाई कॉफी ओततात आणि दरवर्षीचा वाद सुरू होतो. घरात दोन पक्ष आहेत. आर्तो बिनखिळ्यांच्या टायरवाला: मऊ रबर, आवाज नाही, रस्ता खरवडत नाही. सासूबाई खिळ्यांच्या पक्षात. त्यांच्या टायरांना धातूचे बारीक बारीक खिळे ठोकलेले असतात आणि कोरड्या डांबरावर ते टकटक वाजत जातात.

"आई, तू आलीस की घोडं आल्यासारखं वाटतं," आर्तो म्हणतो.

"आणि तू? पायमोजे घालून बर्फावर निघालेला," त्या म्हणतात. "मी येतेय हे लोकांना आधी कळतं तरी. बाजूला व्हायला वेळ मिळतो."

यंदा अंगणात तीनच गाड्या होत्या आणि वाद घालायला कोणी नव्हतं. आर्तो एकटाच नट आवळत होता. मी विचारलं, "आईंची?" तो म्हणाला, "बघू." मी पुढे काही बोलले नाही. कारण मलाही मार्च आठवत होता. मार्चमध्ये त्यांच्यापुढे रस्त्यात रेनडिअर आलं होतं. रेनडिअर सुखरूप गेलं, गाडी कडेच्या बर्फाच्या ढिगात नाक खुपसून उभी राहिली. शेजाऱ्याने ट्रॅक्टरने ओढून काढली. सासूबाईंना खरचटलंही नव्हतं. त्या एवढंच म्हणत होत्या, "ब्रेक लागलेच नाहीत." मेकॅनिकने बघितले तर ब्रेक ठणठणीत. तेव्हापासून आर्तोच्या डोक्यात एकच होतं: ब्रेक बरे आहेत, म्हणजे आई बरी नाही.

ऑक्टोबर संपता संपता सासूबाईंचा फोन आला. आम्ही जेवत होतो, आर्तोने स्पीकर लावला.

"आर्तो, माझ्या टायरांचं काय?"

"बघतो ना. कामं फार आहेत गं."

"मार्युतच्या गाडीचे झाले?"

मार्युत म्हणजे मी. आर्तोने माझ्याकडे बघितलं. मी बटाट्याकडे बघितलं.

"झाले," तो म्हणाला.

"आणि पोरीच्या?"

"तिचेही झाले. मग जॅक जरा अडकायला लागला, म्हणून..."

"अडकणारच. माझ्या बाबांच्या वेळी मीसुद्धा तो असाच अडकवला होता."

आर्तोने काटा खाली ठेवला.

"बाबा डिसेंबरपर्यंत खिडकीतून गाडीकडे बघत बसायचे," सासूबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, त्यामुळे ऐकवत नव्हतं. "मग एक दिवस मलाच म्हणाले, घेऊन जा ती. मला वाटलं, किती सोपं झालं बाई! त्यानंतर मला निरोप द्यायला ते कधी दारापर्यंत आले नाहीत. तर आता तुला जे काय म्हणायचंय ते तोंडाने म्हण. मी खुर्चीत बसलेय, पडणार नाही."

आर्तोने ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "मला भीती वाटते, आई. मार्चमध्ये ढीग होता म्हणून बरं. पुढच्या वेळी समोर लाकडाचा ट्रक असेल. मंगळवारी तू घरी पोचल्याचा फोन करेपर्यंत मी टीव्ही नुसता बघतो. काय चाललंय कळत नाही."

"हं. हे बरं झालं," सासूबाई म्हणाल्या. "आता बोलता येईल. काजानीच्या रस्त्याला ड्रायव्हिंग स्कूलचा घसरणीचा ट्रॅक आहे बघ, जिथे पोरं लायसन्सआधी जातात. नोव्हेंबरात त्यांनी म्हाताऱ्यांसाठी एक दिवस ठेवलाय. मी नाव देऊन बसलेय. त्या दिवसापुरते माझे टायर लाव. तिथली शिक्षिका नको म्हणाली तर तिथल्या तिथे किल्ली घे. मी मुकाट्याने मागे बसेन."

"मुकाट्याने?" मी न राहवून विचारलं.

"बरं, मागे बसेन."

ठरल्या दिवशी आर्तोने लाल गाडीला खिळ्यांचे टायर लावले आणि ट्रॅकपर्यंत स्वतः चालवत नेली. सासूबाई शेजारी बसल्या होत्या. मांडीवर वेलदोड्याच्या पावांची पिशवी, अंगावर गायनवृंदाच्या कार्यक्रमाला घालतात तो निळा कोट. परीक्षेला निघालेल्या मुलीसारख्या दिसत होत्या. वाटेत त्यांनी एकच वाक्य उच्चारलं: "ऐकलंस, किती छान वाजतात?" आर्तोनेही एकदाच उत्तर दिलं: "ऐकतोय की. दुसरं काही ऐकूच येत नाहीये."

ट्रॅक म्हणजे पाणी मारून मारून आरसा केलेला लांबच लांब बर्फाचा पट्टा. टोकाला फोमचं एक रेनडिअर उभं केलं होतं, खरं वाटावं असं रंगवलेलं. त्याच्या आधी गाडी थांबवायची. शिक्षिका पिरिता आमच्या मुलीच्या वयाची, नाक थंडीने लाल झालेली.

"किती वर्षं चालवताय?" तिने विचारलं.

"तुझी आई जन्मायच्या आधीपासून," सासूबाई म्हणाल्या. मला त्यांनी मागच्या सीटवर बसवलं, साक्षीदार म्हणून. आर्तो कुंपणापाशी उभा राहिला.

गाडी सुटली. खिळ्यांनी बर्फ धरलं, वेग आला, पिरिताने झेंडा खाली केला आणि सासूबाईंनी ब्रेक मारला. गाडी थांबली नाही. थांबतेय, सुटतेय, थांबतेय, सुटतेय असं करत आम्ही सरळ रेनडिअरवर गेलो. धप्पकन आवाज झाला आणि त्याची मान मोडून बॉनेटवर आली. मी कुंपणाकडे बघितलं. आर्तोचा चेहरा बघवत नव्हता. आपलंच खरं ठरलं याचा कणभर आनंद नव्हता त्यावर.

सासूबाईंनी हात स्टिअरिंगवरून काढून मांडीवर ठेवले. "घे म्हणावं किल्ली," त्या हळूच म्हणाल्या.

पिरिता आली, रेनडिअरची मान काखोटीला मारून शेजारच्या सीटवर बसली. "आजी, आत्ता तुमचा पाय काय करत होता?"

"ब्रेक लावत होता. दुसरं काय करणार?"

"कसा? दाखवा."

सासूबाईंनी दाखवलं. उचल-दाब, उचल-दाब, उचल-दाब. शिवणयंत्रावर बसल्यासारखा पाय.

"हे कोणी शिकवलं?"

"बर्फाने. दाबून धरलं तर चाकं जाम होतात आणि गाडीची स्लेज होते. एवढंही शिकवत नाहीत का आता?"

"तुम्ही शिकलात त्या गाडीत ते अगदी बरोबर होतं. ही गाडी ते काम स्वतःच करते, तुमच्या पायापेक्षा कितीतरी भरभर. तुम्ही पाय उचलला की तिला वाटतं, बाईंना थांबायचंच नाहीये. आता नुसतं जोरात दाबा आणि सोडू नका. पेडल थरथरेल, खडखड आवाज होईल. होऊ दे."

सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या. "तो आवाज मला माहितीय," त्या म्हणाल्या. "मार्चमध्ये आला होता. मला वाटलं काहीतरी तुटलं. म्हणून मी पाय काढून घेतला."

दुसऱ्या फेरीला त्यांनी दात आवळून पेडल दाबलं. खालून असा काही आवाज आला की माझाच जीव दारापाशी गेला. पण त्यांनी पाय काढला नाही. खिळे करकरले, गाडी थडथडत हळू झाली आणि बिनमानेच्या रेनडिअरच्या पुढ्यात थांबली. मध्ये एक माणूस सहज उभा राहिला असता.

"इतकी वर्षं झाली ही गाडी घेऊन," सासूबाई म्हणाल्या, "आज पहिल्यांदा माझं ऐकलं हिने."

सगळंच काही जमलं नाही. वळण घेऊन अडथळा चुकवायचा होता तिथे आम्ही गरकन फिरलो आणि आलो त्याच दिशेला तोंड करून उभे राहिलो. "बाहेरचा देखावा छान आहे," त्या म्हणाल्या. पिरिताने सांगितलं, वेग कमी ठेवा, अंतर जास्त ठेवा. मग तिने सहज विचारावं तसं विचारलं, "आणि अंधारात कसं दिसतं?"

सासूबाईंनी आरशातून माझ्याकडे बघितलं. मी साक्षीदार होते.

"समोरून दिवे आले की काही दिसत नाही," त्या म्हणाल्या. "बर्फ ढकलणाऱ्या नांगरवाल्यांसाठी रस्त्याच्या कडेला काठ्या लावलेल्या असतात ना, त्यांच्या भरवशावर जाते."

शेवटी सोबत आलेल्यांनीही एक फेरी मारायची होती. आर्तो आईच्या गाडीत बसला, हात चोळले, आरसे नीट केले, ऐटीत निघाला. झेंडा खाली आला. थांबतेय, सुटतेय, थांबतेय, सुटतेय. धप्प!

"अगं बाई," कुंपणावरून सासूबाई मोठ्याने म्हणाल्या, "पाय गेला वाटतं बिचाऱ्याचा. सत्तावन्नच वर्षांचा आहे हो!"

पिरिताने त्यालाही विचारलं, कोणी शिकवलं? आर्तोने काचेतून आईकडे बोट केलं. तो शाळेत असताना तिनेच त्याला तळ्याच्या बर्फावर नेऊन हे शिकवलं होतं. उचल-दाब, उचल-दाब.

पिरिता निघताना आर्तोला म्हणाली, "दिवसा चालवू देत. किल्ली घ्या असं मी तरी म्हणणार नाही. अंधाराचं त्यांचं त्या बघतील." आर्तोने मान हलवली. मग गाडीला वळसा घालून तो मागे बसला. आईने सांगायच्या आतच.

परत येताना सासूबाई चालवत होत्या, मी शेजारी होते. आर्तोने दोन वेलदोड्याचे पाव खाल्ले, पहिल्या दोन्ही वळणांवर "सावकाश" म्हणाला, आणि तिसरं वळण यायच्या आत झोपला. डोकं काचेला टेकवून, तोंड उघडं टाकून. मार्चपासून आई चालवत असताना तो गाडीत बसलाच नव्हता. सासूबाईंनी आरशात बघितलं आणि रेडिओ बारीक केला.

दुपार सरत आली तसं आकाश गुलाबी झालं, मग जांभळं. समोरून एका ट्रकचे दिवे आले. सासूबाईंनी काही न बोलता सिग्नल दिला आणि गाडी पेट्रोल पंपावर घेतली. इंजिन बंद केलं. हात मात्र स्टिअरिंगवरच होते.

"इथपर्यंत माझं," त्या म्हणाल्या. "पुढचं तू ने."

आम्ही जागा बदलल्या. आर्तोची झोप मोडली नाही.

"डिसेंबरात उजेड तो केवढा, म्हणजे सकाळची कॉफी झाल्यापासून दुपारच्या जेवायच्या वेळेपर्यंतच माझी गाडी," त्या पट्टा लावत म्हणाल्या.

"आणि मंगळवारची प्रॅक्टिस सहाला असते," मी म्हणाले, आणि म्हटल्यावर जीभ चावली.

त्यांनी थोडं पुढे गेल्यावर पर्समधून फोन काढला, हाताएवढ्या अंतरावर धरून नंबर शोधला.

"उन्तो? सायमी बोलतेय." उन्तो म्हणजे गायनवृंदाचा म्होरक्या, त्यांच्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा. "एक विचारते, खरं सांग. तुला रात्री गाडी चालवताना दिसतं का रे? ... हं. ... आणि एल्मीला? ... तीही नाही? अरे देवा, म्हणजे आपण सगळे एकमेकांच्या मागच्या लाल दिव्यांवर घरी पोचतो की काय! ... ते जाऊ दे. हॉल सकाळी रिकामाच असतो ना? अकराला गायला काय हरकत आहे? आवाज काय फक्त संध्याकाळीच फुटतो का आपला? ... पास्टरला मी सांगते. ... का? तुला का नाही जमणार?"

मग पलीकडून उन्तो बराच वेळ बोलत राहिला. सासूबाई नुसत्या ऐकत होत्या. फोनवर हात ठेवून त्या माझ्याकडे वळल्या.

"त्याच्या मुलाने अजून टायर बदललेले नाहीत," त्या म्हणाल्या. "कामं फार आहेत म्हणे."

त्यांनी फोन पुन्हा कानाला लावला.

"ऐक, उन्तो. मुलाशी नीट बोल. तोंडाने बोल. आणि त्या घसरणीच्या ट्रॅकवर म्हाताऱ्यांसाठी अजून एक दिवस ठेवणार आहेत, तिथल्या शिक्षिकेचा नंबर देते तुला. तोवर मंगळवारी दहाला तयार होऊन फाटकाशी उभा राहा. मी येते घ्यायला. ... हो, मीच! ... थांबते तर! आता चांगली थांबते माझी गाडी. फक्त बसल्या बसल्या 'सावकाश' म्हणायचं नाही."

त्यांनी फोन पर्समध्ये टाकला, चष्मा पुसला, आणि पुढच्या काळोख्या रस्त्याकडे जरा वेळ बघितलं.

"मार्युत," त्या म्हणाल्या, "तिसऱ्या गिअरमध्ये टाक गं. रडतेय बघ गाडी."