कापूस जेवणारी माय

घाटंजीच्या आठवडी बाजारात त्या दिवशी वांगी-मेथीच्या ढिगांसमोर चिटपाखरू नव्हतं. सगळा बाजार पुंडलिकरावांच्या फोटो स्टुडिओत लोटला होता. एरवी जिथं नवरा-नवरीला स्टुलावर बसवून हनुवटी वर करायला सांगत, तिथं लाल पडद्यासमोर टेबलावर दुकानातला कॉम्प्युटर मांडला होता. डब्याला झेंडूचा हार, बटणाच्या वर कुंकवाचा मळवट. पुढ्यात श्रावण महाराज मांडी घालून बसले होते. हे महाराज मागच्या वर्षापर्यंत याच बाजारात दातांची काळी पावडर विकत. आवाज तेव्हाही हाच होता, आता फक्त माल बदलला होता.

"माय आदिमाये, जीभ काढ. लेकरं वाट पाहून राह्यली. त्याईच्या हातचं जेव."

मंत्राची आगगाडी बराच वेळ चालली. आणि खरंच, कोणी हात न लावता डब्यातून सीडी ठेवायचा कप्पा सरकन बाहेर आला. बायांनी हात जोडले. महाराजांनी एका म्हाताऱ्याच्या हातातल्या बोंडातून चिमूटभर कापूस काढला, त्याला कुंकू-साखर लावली आणि त्याचाच हात धरून तो कप्प्यावर ठेवायला लावला. कप्पा क्षणभर थांबला, मग कापूस घेऊन आत गेला.

"जेवली," महाराज म्हणाले. "औंदा तुह्या कापसाले भाव येते."

म्हातारा डोळे पुसत बाजूला झाला. त्याला हसणं सोपं आहे. पण ती वर्षंच तशी होती. महागडं बियाणं घेऊनही अळी सुटत नव्हती, आणि गाडी बाजारात नेईपर्यंत भाव घसरलेला असे. मुंबई-दिल्लीचं कोणी ज्यांच्याशी धड बोलत नव्हतं, त्यांच्याशी निदान एक डबा बोलत होता. राग यायचा तर त्या म्हाताऱ्याचा येऊ नये, त्याचा हात धरून कापूस ठेवायला लावणाऱ्याचा यावा.

ममताला तो राग आला होता. ती दाराशी उभी होती. जवळच्या एका खेड्यातली ती अंगणवाडी सेविका. उन्हाळ्यात तिच्या प्रेरणाला तीन वर्षं पूर्ण झाली, तेव्हा तिनं लेकीला पांढरा फ्रॉक घालून, केसांना निळी रिबीन बांधून याच लाल पडद्यासमोर बसवलं होतं. "यवतमाळहून छापून आनतो, मंग घेऊन जा," पुंडलिकराव म्हणाले होते. आज आणतो, उद्या आणतो यात पावसाळा आला. पावसाळ्यात ताप आला आणि चार दिवसांत प्रेरणा गेली. लेकीचा दुसरा फोटो घरात नव्हता. त्यानंतर ममताला या दुकानाची पायरी चढवेना. आज मन घट्ट करून ती आली, तर दुकानाचं देऊळ झालेलं.

कॉम्प्युटरवर काम करणारी दीपा मागच्या भिंतीला टेकून उभी होती. ममताला पाहून तिनं मान खाली घातली.

"ताई, तुळशीच्या लग्नानंतर बिघडला हा," ती हळूच म्हणाली. "एका शूटिंगवाल्यानं लग्नाचे फोटो द्याले पेनड्राईव्ह लावला, तवापासून. आंधी नुसता मंद चाले. मंग एकाच नावाचे दोन-दोन फोल्डर दिसाले लागले. खिडक्या आपोआप उघडत, आपोआप मिटत. मंग हा कप्पा बाहेर याले लागला. मी पुंडलिककाकाले म्हटलं, व्हायरस असन, जाणता मानूस बोलवा. तं म्हणे, ऐन लग्नात दुकान बंद ठेवू काय? चालते तोवर चालू दे."

"मंग?"

"मंग महाराज आले."

"अन् प्रेरणाचा फोटो?"

"आंधी सगळे फोटो नुसते दिसेनासे झालते. आता काय हाय, मले नाई माहीत. हातच लावू देत नाईत. कॅमेऱ्यातलं कार्ड तं आमी दर हप्त्याले पुसतो."

ममता गर्दीतून पुढं गेली. "पुंडलिकभाऊ, मशीन बंद करा अन् दुरुस्तीले द्या. माह्या पोरीचा फोटो हाय त्याच्यात."

पुंडलिकराव वाईट माणूस नव्हते. वाईट माणसाला निदान आपण काय करतो ते माहीत असतं. ते महाराजांकडं पाहू लागले. महाराजांनी डोळे मिटूनच सांगितलं, "गेलेल्या लेकराले मायनं पोटात घेतलं. थे मांगाचं नसते, बाई. मायचा कोप होते."

"तुमी बौद्ध लोकं तं देव मानत नाई," मागून रुपीबाई म्हणाली. तिची बोंडं पदरात होती आणि नंबर यायचा होता. "आमच्या मायच्या मधात काहून येता मंग?"

"मावशी, माही पोरगी आत हाय म्हनून येतो," ममता म्हणाली. पुढं बोलली असती तर रडू फुटलं असतं. ती तशीच वळून यवतमाळच्या गाडीत बसली.

यवतमाळजवळच्या लोहाऱ्याला तिचा चुलतभाऊ राजदीप राहत होता. यवतमाळात तो कॉम्प्युटरचे वर्ग घेई. दुसऱ्या दिवशी वर्ग सोडून तो तिच्यासोबत घाटंजीला आला. बाजार नव्हता, तरी गर्दी होतीच. रोज सकाळ-संध्याकाळ मायचं जेवण ठरलेलं होतं.

राजदीपनं एक जेवण गुपचूप पाहिलं. मंत्र झाला, जीभ आली, कापूस गेला. त्यानं हातातल्या घड्याळाकडं एकदा पाहिलं, महाराजांपुढं येऊन बसला आणि बोंडं घेऊन थांबलेल्या रुपीबाईकडं बोट केलं.

"महाराज, या मावशीचा कापूस राह्यला. आत्ताच्या आत्ता परत बोलवा मायले."

"माय आताच जेवली. आराम करून राह्यली."

"बरं. मंग करू द्या आराम. तुमीबी चूप बसा, आमीबी चूप बसतो."

सगळे चूप बसले. बाहेर कुणाची तरी सायकल पडली, तेवढाच आवाज. मंत्र नाही, घंटा नाही, आणि कप्पा आपला सरकन बाहेर आला. थोडा थांबला. कोणी काही ठेवलं नाही तेव्हा रिकामाच आत गेला.

"आता कोनं बोलावली?" राजदीपनं विचारलं.

"म्या मनात बोलावली," महाराज म्हणाले. दोघं-चौघं हसले.

"मंग आता मनातच थांबवा तिले. येऊ देऊ नका."

महाराजांनी डोळे मिटले, ओठ हलवले, दोन्ही हात डब्याकडं रोखले. कपाळावर घाम आला. मघाइतकाच वेळ गेला आणि कप्पा पुन्हा बाहेर आला. या वेळी कोणी हसलं नाही.

राजदीपनं वीज बंद केली आणि डब्याचे स्क्रू काढले. कप्प्याच्या खोबणीतून त्यानं कापूस ओढला, तो निघतच राहिला. कुंकवानं लाल झालेला, साखरेनं चिकट झालेला बोळ्यावर बोळा. ज्यांनी ज्यांनी आशेनं दिला होता, त्यांचा सगळ्यांचा भाव तिथं गोळा झाला होता.

"कप्पा उघडाचा हुकूम कॉम्प्युटरले कोनीबी लिहून देऊ शकते, मीबी देऊ शकतो," तो लोकांना म्हणाला. "हा हुकूम पेनड्राईव्हसंगं आत आला. ठरल्या वेळानं तो तेच करत राह्यते. महाराजानं फक्त वेळ हेरली अन् मंत्र तेवढा लांब केला. मंत्रानं कप्पा आला नाई बाप्पा, कप्पा येईपर्यंत मंत्र चालला."

लोक महाराजांकडं वळले, तर आसन रिकामं होतं. दक्षिणेची थाळी मात्र त्यांनी न विसरता नेली होती.

फोटो ज्या डिस्कमध्ये होते ती राजदीपनं काढून घेतली. लोहाऱ्याला त्यानं ती आपल्या कॉम्प्युटरला जोडून तपासली. ममता शेजारी बसून होती. तो एकामागून एक फोल्डर उघडून मिटत होता.

"सांग नं दादा."

"ममता, या व्हायरसनं आंधी फोटो नुसते लपवले होते. तवा मशीन बंद करून आनलं असतं, तं सगळे निंगाले असते. पण मांगून दर वेळी चालू केलं, का तो थोडे-थोडे फोटो पुसत गेला. अन् याईनं तं रोज दोनदा चालू केलं, जेवू घालाले."

त्यानं एक फोटो उघडला. वर लाल पडदा दिसला. मग केसांची निळी रिबीन, भांग, कपाळाची एक पट्टी. त्याखाली सगळं राखाडी होतं. राजदीप खिडकी मिटायला लागला तसा ममतानं त्याचा हात धरला.

"असू दे दादा. एवढाच छाप."

पुढच्या बाजारच्या दिवशी ती स्टुडिओच्या पायरीवर बसली होती. दुकान बंद होतं. महाराज म्हणे नेरच्या बाजारात दिसले होते, सोबत एक वजनकाटा होता आणि तो माणसाचं पाप मोजत होता. नेरलाही कापूस पिकतो आणि नेरलाही माणसं हताश आहेत, तेव्हा महाराजांचं चाललं असणारच.

रुपीबाई समोर येऊन थांबली. "तुमी मायले बंद केलं बाई. आता माह्या कापसाचं काय होईन?"

"मावशी, थे माय नव्हती, मशीनचा आजार होता. अंगणवाडीत मी बायाईले सांगतो नं, लेकरू फणफणलं, दूध घेईना झालं, का वाट पाहू नका म्हनून. याचंबी तसंच हाय. मशीन मंद झालं, आपल्या मनानं उघडाले-मिटाले लागलं, ठेवलेलं दिसेनासं झालं, का त्याच दिवशी बंद कराचं. दुसऱ्याचा पेनड्राईव्ह लावाचा नाई. अन् ज्याले त्यातलं समजते त्याले बोलवाचं, हात जोडत बसाचं नाई."

तिनं पिशवीतून फोटो काढून रुपीबाईच्या हातात दिला. रुपीबाईनं तो उलटा-सुलटा करून पाहिला, डोळ्यांजवळ नेला.

"याच्यात तं पोरीचा चेहराच नाई."

"पहिल्या दिवशी जाणता मानूस बोलावला असता, तं दिसला असता," ममता म्हणाली.

रुपीबाईनं फोटो पदरानं पुसून परत दिला. ती तिथंच पायरीवर, ममताच्या शेजारी बसली.