गेल्या हिवाळ्यातली तूर

सोनवणे सरांनी निबंध परत केला तेव्हा त्यावर लाल शाईची एकही खूण नव्हती. राजकुंवरला वाटलं, सर खूश आहेत.

"चुका नाहीत," सर म्हणाले. "पण हा निबंधही नाही. पाऊस पडला नाही, भाव चढले, शासनाने लक्ष घालावं. हे वाचून तुझ्याशी भांडायला कुणी येईल?"

"नाही, सर."

"मग लिहिलास कशाला?"

सत्याऐंशी साल होतं. पोळा कोरडा गेला होता आणि जळगावच्या बाजारात तूरडाळीचा भाव दर आठवड्याला नवा ऐकू यायचा. धुळे आणि जळगाव जिल्ह्यांतल्या कॉलेजांसाठी निबंधस्पर्धा जाहीर झाली होती, विषय 'भाववाढ : कारणे आणि उपाय'. निवडलेले निबंध धुळ्याच्या देवपूर भागातल्या एका कॉलेजात सगळ्यांसमोर वाचायचे आणि प्रश्नांना उत्तरं द्यायची. एस.वाय.च्या वर्गातून अर्थशास्त्राच्या पितांबर सोनवणे सरांनी एकटी राजकुंवर निवडली होती. ती डाळगिरणीवाल्या पुखराजशेठची मुलगी, हे त्यांना माहीत होतं. किंबहुना म्हणूनच निवडली होती. डाळीच्या घरातली मुलगी डाळीबद्दल पुस्तकातलं लिहिते, याचा त्यांना राग आला होता.

"तुला काय दिसतं ते लिही," ते म्हणाले. "आणि जे दिसतं त्याला प्रश्न विचार."

राजकुंवर घरी आली ती हाच विचार करत. आणि जे इतके दिवस तिने मनात मागे सारलं होतं, तेच पुढे येऊन उभं राहिलं.

पर्युषणात ती धुळ्याला काकांकडे गेली होती. प्रकाशचंद काका तिचे फार लाडके. साक्री रोडला त्यांचं कापसाचं जिन होतं, सरकी काढायचा कारखाना, दोन वर्षांपासून बंद. चुलत बहिणींबरोबर ती सहज तिकडे गेली, तर कुलूपबंद शेडमधून कापसाचा नाही, तुरीचा वास आला. गिरणीच्या अंगणात वाढलेल्या मुलीला तो वास सांगावा लागत नाही. फटीतून छतापर्यंत रचलेली पोती दिसली. राखणदार जीवराम कौतुकाने म्हणाला, "बठ्ठा माल तुमनाच शे, बाई."

सगळा माल आपल्याच घरचा, हे ऐकून त्या वेळी ती हसली होती. आता हसू येईना.

तिने पहिलं वाक्य लिहिलं : पाऊस या वर्षी पडला नाही, त्यामुळे पुढचं पीक बुडेल, पण आज बाजारात हवी ती तूर तर गेल्या हिवाळ्यातच पिकली होती, मग ती गेली कुठे? एवढं लिहिल्यावर पेन थांबेना. दोन दिवसांत निबंध पुरा झाला. त्यात बंद जिन होतं, एका गावच्या गिरणीचा माल दुसऱ्या गावी भावाच्या नावावर होता, सगळं होतं. नावं तेवढी नव्हती.

सरांनी उभ्याउभ्याच वाचला. "आता कुणीतरी भांडायला येईल," ते म्हणाले आणि त्याच दिवशी निबंध स्पर्धेला पाठवून दिला.

निबंध निवडला गेला. पण ती बातमी राजकुंवरने घरी सांगायच्या आधी सरांनीच सांगितली. बाजारात पुखराजशेठ दिसले तसे ते आपणहून पुढे झाले. "शेठजी, पोरीने काय लिहिलंय! साठेबाजांची सालटी काढली."

त्या दिवशी सूर्यास्ताआधीची जेवणं झाली, ताटं उचलली गेली आणि पुखराजशेठ, तिचे बाबूजी, म्हणाले, "वाच बरं तुझा निबंध."

राजकुंवरने आईकडे पाहिलं. लाडकुंवरबाई खूश होऊन पदर सावरून बसल्या होत्या. सुटका नव्हती. तिने वाचायला सुरुवात केली. जिनापाशी आली तेव्हाही तिने एकही शब्द गाळला नाही. वाचून झालं तेव्हा चेहऱ्यावरचं हसू कुठे ठेवावं हे आईला कळत नव्हतं.

बाबूजी ओरडले नाहीत. घरात ते मारवाडीच बोलायचे, पण त्या संध्याकाळी बाजारातल्या मराठीत बोलायला लागले. जणू समोर कुणी दलाल बसला असावा.

"मला सांग, आज मी सगळी डाळ विकून टाकली तर लोक काय करतील?"

"खातील."

"पोटभर खातील. आणि होळीला? नवं पीक येणार नाही, हे तूच लिहिलंस. त्या वेळी डाळ कुठून आणशील? आज भाव चढला म्हणून माणूस वाटीभर कमी शिजवतो. ती वाटी पुढे उरते. राखून ठेवणारा नसता तर फाल्गुनात या जिल्ह्याला डाळ दिसली नसती. हे लिहिलंस कुठे?"

हे राजकुंवरच्या पुस्तकात नव्हतं, सरांच्या वहीतल्या टिपणांत नव्हतं, आणि तरी खोटं नव्हतं.

"मग लपवायचं का, बाबूजी? काकांच्या नावावर का?"

"परवान्यावर जेवढं ठेवता येतं तेवढं ठेवलं तर दिवाळीपर्यंतही पुरत नाही. जास्त उघड ठेवलं तर जप्ती. कायद्याने ठेवू दिलं असतं तर मी लपवलं असतं?" ते उठले. दाराशी थांबले. "बक्षीस द्यायला पुरवठा अधिकारी येतायत म्हणे. गोदाम प्रकाशचंदच्या नावावर आहे. बेड्या पडल्या तर मला नाही, त्याला पडतील. पाठवलं ते पाठवलं, तिथे वाचताना तो परिच्छेद काढून टाक."

रात्रभर तिच्या डोळ्यांसमोर काका येत राहिले. सकाळी ती सरांकडे गेली.

"सर, एक परिच्छेद काढू का?"

"कुठला?" तिने दाखवला. "हा काढलास तर राहिलं काय? पुराव्याशिवाय नुसता आरोप..." बोलता बोलता सर थांबले. त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग कागदाकडे. बाजारात आपण कुणाला काय सांगून बसलो, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं. त्यांनी कागद घडी घालून तिच्या हातात दिला.

"मी निबंध मागितला होता, बाई," ते म्हणाले. "घर नव्हतं मागितलं. तू गेली नाहीस तरी चालेल. मी सांभाळून घेईन."

पण न जाणं तिला जमेना. आता भीतीपेक्षा दुसरीच गोष्ट तिला छळत होती. आपला निबंध लंगडा आहे, हे तिला कळून चुकलं होतं. बाबूजींचं म्हणणं त्यात नव्हतंच. ज्याला आरोपी केलं त्याला तिने बोलूच दिलं नव्हतं. ती पुन्हा लिहायला बसली. बाबूजींची बाजू तिने शक्य तेवढ्या ताकदीने मांडली. इतकी की मध्येच तिला वाटलं, आता आपल्याला उत्तरच सापडणार नाही. दोनदा कागद फाडला. तिसऱ्यांदा उत्तर सापडलं.

रविवारी बाबूजी तिच्याबरोबर धुळ्याला निघाले. "ऐकायला येतो," एवढंच म्हणाले. एस.टी.त ते खिडकीकडे बसले आणि पारोळा येऊन गेलं. तिने काय काढलं, काय ठेवलं, हे त्यांनी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

देवपूरच्या त्या कॉलेजचा हॉल भरला होता. बक्षिसं व्यापाऱ्यांनीच देऊ केलेली, त्यामुळे पुढच्या दोन रांगा टोप्यांच्या. तिसऱ्या रांगेत प्रकाशचंद काका होते. त्यांना कुणीच काही सांगितलं नव्हतं. त्यांनी लांबूनच हात उंचावून तिला आशीर्वाद दिला. राजकुंवरने नजर कागदांकडे वळवली.

तिचं नाव पुकारलं गेलं.

गेल्या हिवाळ्यातली तूर कुठे गेली, इथून तिने सुरुवात केली. मग व्यापाऱ्याची बाजू आली. राखून ठेवणारा माणूस शत्रू नाही, तो नसता तर होळीला ताटात डाळ नसती. पुढच्या रांगांतल्या टोप्या डोलायला लागल्या. बाबूजी मात्र हलले नाहीत. मुलगी कुठे वळणार, याकडे त्यांचे कान होते.

"पण," राजकुंवर वाचत होती, "साठा लपवला की तो आहे हेच कुणाला कळत नाही. मग भाव टंचाईएवढे चढत नाहीत, भीतीएवढे चढतात. मी स्वतः एक गोदाम पाहिलं आहे. त्यात ज्या मालाची पोती होती तो माल तिथे असल्याचं गावाला ठाऊक नव्हतं. मर्यादा घालून शासनाने साठा कमी केला नाही, फक्त अंधारात नेला. मर्यादा वाढवा, पण प्रत्येकाचा साठा मार्केटच्या फळ्यावर रोज लिहायला लावा. लोकांना आकडा दिसला तर भीती उतरेल, आणि भीतीबरोबर भावही."

डोलणाऱ्या टोप्या थांबल्या. जिन नव्हतं, भाऊ नव्हता, गाव नव्हतं. तरी प्रकाशचंद काकांचा हात खिशातल्या रुमालाकडे गेला.

टाळ्या पडल्या आणि प्रश्नांची वेळ आली. व्यासपीठावरचे पुरवठा अधिकारी हसत पुढे झुकले. "छान लिहिलंय. ते गोदाम तुम्ही स्वतः पाहिलंत?"

"नाही, ऐकलं होतं," एवढं म्हटलं असतं की सुटली असती. ते वाक्य तिच्या ओठांवर आलंही. पण तसं म्हटलं तर आधी वाचलेलं सगळंच खोटं ठरत होतं.

"हो, पाहिलं."

"कुठे?"

सोनवणे सर खुर्चीतून अर्धवट उठले. राजकुंवरने काकांकडे पाहायचं नाही असं ठरवलं आणि बाबूजींकडे पाहिलं. त्यांनी मान वर केली होती आणि ते तिच्याकडेच बघत होते. डोळ्यांत धाक नव्हता. काकुळती होती. वडिलांचा असा चेहरा तिने आयुष्यात पाहिला नव्हता, आणि पुन्हा पाहावा लागू नये असं तिला वाटलं.

"कुठे ते मी सांगणार नाही."

"माहिती दडवणं हाही गुन्हा असतो, ठाऊक आहे ना?" अधिकारी अजून हसत होते, पण पहिल्यासारखे नाही.

"ठाऊक आहे, साहेब. सांगायला हवं, हेही ठाऊक आहे. तेवढं धैर्य माझ्यात नाही. त्या मुद्द्याचे गुण परीक्षकांनी कापावेत."

कुणीतरी मागून हसलं. अधिकाऱ्यांनी वहीत काहीतरी टिपलं आणि दुसऱ्याचं नाव पुकारलं गेलं. ती खुर्चीत येऊन बसली.

बक्षीस मिळालं नाही. परीक्षकांनी शेरा दिला, मांडणी उत्कृष्ट, पुरावा अपुरा. सर म्हणाले, "शेरा बरोबर आहे," आणि मग हळूच, "मी असतो तर मीही सांगितलं नसतं." काका जाताना भेटले नाहीत.

परतीच्या एस.टी.त बाबूजी बोलले ते मारवाडीत. "माझी बाजू तू माझ्यापेक्षा चांगली मांडलीस."

"आणि त्याचं उत्तर?"

"उत्तराचा विचार करतोय."

त्या आठवड्यात साक्री रोडवरचं जिन रिकामं झालं. तूर जळगावला आली, गिरणीत भरडली गेली आणि डाळ दुकानांत गेली. बाबूजींना पटलं म्हणून, की अधिकाऱ्याच्या वहीची भीती म्हणून, हे राजकुंवरला कधीच कळलं नाही. परीक्षकांकडे आधी पाठवलेल्या प्रतीत बंद जिन होतंच; दिवाळीच्या आधी धुळ्यातली सगळी बंद जिनं तपासली गेली. काकांच्या शेडमध्ये सरकीचा कचरा निघाला. तरी त्या दिवाळीला काका आले नाहीत, आणि चुलत बहिणीच्या लग्नात ते राजकुंवरशी जेवढ्यास तेवढंच बोलले.

होळीला डाळ खरंच मिळेनाशी झाली. ज्यांनी राखली होती त्यांनी दुपटीने विकली. त्या दिवसांत बाबूजी एकदा गिरणीतून आले आणि हातपाय न धुताच तिच्या टेबलाशी उभे राहिले.

"बघ, मी म्हणत होतो तेच झालं. माल नाही बाजारात."

"हो, बाबूजी."

"आणि तू म्हणत होतीस तेही. कुणाकडे किती आहे, कुणालाच माहीत नाही. जो तो घाबरून घेतोय." ते खुर्ची ओढून बसले. "तुझा तो निबंध कुठे आहे? पुन्हा वाच. या खेपेला मध्ये थांबवणार आहे मी."

राजकुंवरने कागद काढले. आईने आतून विचारलं, पानं वाढू का. बाबूजी म्हणाले, थांब जरा, आणि पहिल्याच वाक्यावर हरकत घेतली.