खोळीखालचा लाल दिवा

दुपारी साडेतीन वाजता माझ्या खोळीतून जळका वास येऊ लागला. घरात आजोबांशिवाय कोणी नाही, आणि ते शेजारच्या खोलीत झोपले आहेत.

मित्रांनो, मी एक जुना घरगुती संगणक आहे. कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या खोक्यात माझा स्वतःचा अ‍ॅडॅप्टर होता. पहिल्या मालकाने तो हरवला. मग मी एका दुकानाच्या फळीवर धूळ खात बसलो. तिथून बाबांनी मला या घरी आणले, मुलीच्या हट्टापायी.

"सोबत काय काय देऊ?" दुकानदाराने विचारले.

"बाबा, टेपरेकॉर्डर घ्या ना," मुलगी म्हणाली. "मी लिहिलेला प्रोग्रॅम कॅसेटवर ठेवता येईल. नाहीतर हा बंद केला की सगळं पुसलं जातं."

"आधी लिही तर खरं, मग ठेवायचं बघू."

बाबांनी जॉयस्टिक हातात घेऊन दोनदा फिरवली आणि तिथेच निकाल लागला. जॉयस्टिक आली, मोटारींच्या शर्यतीचा खेळ आला. अ‍ॅडॅप्टर दुकानदाराने खणातून शोधून काढला. "दुसऱ्या मशीनचा आहे, पण चालून जाईल. जरा तापतो, एवढंच."

"तापू दे. आमची मुलगी त्याहून तापट आहे," बाबा म्हणाले. सगळे हसले.

शर्यतीचे कौतुक लवकरच ओसरले. मुलगी मात्र माझ्यासमोरून हलेना. आजोबांना बारीक अक्षर दिसत नाही, गोळ्यांची अदलाबदल होते. कोणत्या वेळी कोणती गोळी, हे टीव्हीच्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत दाखवणारा प्रोग्रॅम ती लिहू लागली. तो ठेवायला कॅसेट नव्हती, म्हणून तिने मला बंदच केले नाही. माझ्यावर चिठ्ठी चिकटवली: 'बंद करू नका.'

आईने चिठ्ठीचा मान राखला. पण तिला उघडी वस्तू बघवत नाही. रेडिओला खोळ, शिलाई मशीनला खोळ, टेलिफोनला तर झालरीची खोळ. मला तिने जुन्या रजईची जाड खोळ शिवली, आणि वायरींचा पसारा दिसू नये म्हणून अ‍ॅडॅप्टरही आत सारला.

"सूनबाई, उद्या मलाही खोळ घालशील," आजोबा म्हणाले.

"तुम्ही एका जागी बसा तर खरं!"

त्याच दिवशी दूध करपले. आजोबा पातेल्याशेजारीच बसले होते. "माझ्या नाकानं केव्हाच पेन्शन घेतलीय," ते म्हणाले. तेव्हाही सगळे हसले.

आज अखेर बाबा नमले. तिघे मिळून टेपरेकॉर्डर घ्यायला गेले आहेत. निघताना मुलीने खोळ उचलून माझा लाल दिवा पाहिला. आईने ती पुन्हा नीट खाली ओढली. "या वेळी घाई नको," बाबा दारातून म्हणत होते, "चांगला पारखून घेऊ."

मित्रांनो, माझा कोणावर राग नाही. माझ्यावर इतकी माया कुठल्याच घराने केली नव्हती. एवढेच सांगतो, माझ्यासारख्याला पांघरूण घालण्याआधी एकदा हात लावून बघा.

टीव्ही बंद आहे. मी काही सांगायचे म्हटले, तरी ते कुठे उमटणार? अ‍ॅडॅप्टरला चिकटलेल्या रजईवर तपकिरी डाग पडला आहे आणि तो पसरतो आहे. लाल दिवा अजून चालू आहे. प्रोग्रॅम शाबूत आहे.

शेजारच्या खोलीतले घोरणे आत्ताच थांबले.